कोरांटी लावायची आहे? पुण्यातल्या अंगणासाठी आणि गच्चीसाठी पहिल्या दोन वर्षांचं मार्गदर्शन

पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. उरलेले आठ महिने बागेला जे मिळतं ते आपण घातलेलं पाणी. एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीत टँकर यायला लागले की सगळ्यात आधी बागेच्या पाण्यावर गदा येते, आणि हौसेने आणलेले पेट्युनिया, गुलाब, जरबेरा माना टाकतात. अशा वेळी ज्यांना नव्याने बाग करायची आहे त्यांना मी एकच झाड आधी सुचवते: कोरांटी.

पर्वतीच्या उतारावर, वेताळ टेकडीच्या मुरमाड वाटांच्या कडेला, कात्रजच्या बाजूला जुन्या बांधांवर ती आपली आपण वाढलेली दिसते. तिला तिथे कोणी पाणी घालत नाही. नवरात्राच्या आसपास पहिली फुलं दिसायला लागतात आणि पावसानंतर बाकीची रानफुलं संपत आली की हिचा बहर रंगात येतो, तो थेट संक्रांतीपर्यंत. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या परसात ती हमखास असायची, कारण देवाला रोज ओंजळभर फुलं लागायची आणि कोरांटी ती विनातक्रार पुरवायची. फुलाला वास नाही, पण गजऱ्यात अबोलीशेजारी पिवळी कोरांटी फार खुलते.

या झाडाबद्दल आधीच एक गोष्ट मनात पक्की करा. पहिलं वर्षभर तिला तुमची गरज आहे. त्यानंतर तिला सगळ्यात मोठा धोका असतो तो तुमच्या मायेचा, म्हणजे रोजच्या पाण्याचा. नव्या माणसाकडची कोरांटी मेली तर दहांतल्या नऊ वेळा ती तहानेने मेलेली नसते, तिची मुळं कुजलेली असतात.

आधी झाड नीट ओळखा

कोरांटी नावाखाली नर्सरीत दोन-चार वेगवेगळी झाडं विकली जातात, म्हणून विकत घेताना डोळे उघडे हवेत. आपली खरी काटेकोरांटी म्हणजे बार्लेरिया प्रायोनायटिस. कंबरेएवढं, फार तर छातीपर्यंत वाढणारं, बुडापासून अनेक फांद्या फुटणारं झुडूप. पानं लंबगोल, टोकाला निमुळती, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत तीन-चार सरळ, बारीक, पांढरट काटे. फूल पिवळं ते नारिंगीकडे झुकणारं. एक फूल हातात घेऊन जवळून बघा. लांब नळी आहे, नळीच्या तोंडाशी चार पाकळ्या एका बाजूला वर आणि पाचवी एकटीच खाली वळलेली. मधून दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. ही चार-एक अशी ठेवण दिसली की निश्चिंत व्हा. हिलाच वज्रदंती म्हणतात. दातांच्या औषधात हिचा वापर जुना आहे, मात्र पानांचा काढा-रस वगैरे स्वतःच्या मनाने करू नका, त्यासाठी वैद्य आहेत.

जांभळी, निळसर किंवा पांढऱ्या फुलांची बिनकाट्याची कोरांटी म्हणजे बार्लेरिया क्रिस्टाटा. तीही भारतातलीच, आणि लहान मुलं असलेल्या घरात मी तीच लावायला सांगते. तिच्या फुलांच्या तळाशी असलेल्या पानांना करवतीसारखी काटेरी कड असते, पण ती हाताला बोचेल इतकी नाही. तिला पिवळीपेक्षा थोडं जास्त पाणी लागतं आणि अर्ध्या सावलीतही ती बरी फुलते. बाकी या लेखात सांगितलेलं सगळं दोघींना लागू आहे.

फसगत होते ती तिसरीत. पिवळीच फुलं, पण फुलं एका दाट कणसासारख्या शेंड्यातून निघालेली, पानं अरुंद, त्यांची मधली शीर लालसर, आणि काटे खाली वळलेले. ही बार्लेरिया लुपुलिना, मूळची मादागास्करकडची. दिसायला वाईट नाही, पण आपल्या टेकडीवरची कोरांटी म्हणून तुमच्या हातात पडली तर परत करा.

आपल्या सह्याद्रीत या कुळातल्या आणखीही कोरांट्या आहेत. त्यातली एक, बार्लेरिया गिब्सोनी, ज्या अलेक्झांडर गिब्सन यांच्या नावाने ओळखली जाते ते १८३८ ते १८४७ या काळात आपल्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. त्या घाटातल्या जाती मात्र घरी आणायच्या भानगडीत पडू नका. त्यांना त्यांची जागा सोडून करमत नाही आणि त्यांची संख्याही मुळात कमी आहे.

रोप आणायचं कुठून

टेकडीवरून उपटून आणायचं नाही, हे आधी सांगते. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, तिथलं रोप काढणं हा गुन्हा आहे, आणि कोरांटीचं सोटमूळ खडकाच्या भेगेत इतकं खोल गेलेलं असतं की उपटलेलं मोठं झाड जगतही नाही. झाड तिथून जातं आणि तुमच्याकडेही राहत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या कोणाकडे असलेल्या झाडाची फांदी. पेठांत, कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या बंगल्यांत, आजूबाजूच्या गावांत घरांच्या कुंपणाला कोरांटी अजून सापडते. बेल वाजवून मागा. आजी-आजोबा घरात असतील तर फांदी मिळतेच, वर चार सूचनाही मिळतात आणि त्या बहुतेक वेळा बरोबर असतात. नर्सरीत जायचं तर उरुळी कांचनच्या पट्ट्यात किंवा सिंहगड रस्त्याला विचारून बघा, पण फुलं असताना जा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. फुलाशिवाय घेतलेली कोरांटी पुढे कोणत्या रंगाची निघेल याची खात्री नर्सरीवालाही देत नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा तिथल्या स्टॉलवरही चौकशी करायला हरकत नाही.

फांदी रुजवणं

वेळ: जूनचा पाऊस लागला की. मृगाचे पहिले दोन-चार सणसणीत पाऊस पडून हवा गार झाली की सुरुवात करा. जुलै अखेरपर्यंत चालेल, ऑगस्टनंतर नको, कारण झाड तोवर कळ्या धरायच्या तयारीला लागलेलं असतं आणि मुळं फोडायला त्याच्याकडे जोर उरत नाही.

अगदी कोवळी हिरवी फांदी कुजते आणि जुनी तपकिरी लाकडी फांदी हट्टी असते, म्हणून मधली घ्या. अंगठा आणि बोट लावून वाकवली की थोडी वाकते, पण लगेच सरळ होऊ बघते, ती बरोबर. वीतभर लांब, तीन-चार पेरं असलेली. खालचा काप पेराच्या अगदी खाली, तिरका घ्या, कात्री धारदार असू द्या. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा, काटेही नखाने मोडून टाका, नाहीतर माती दाबताना हातात घुसतात. शेंड्याला दोन पानं पुष्कळ झाली. ती मोठी असतील तर अर्धी कापा.

दुधाच्या रिकाम्या पिशवीला तळाशी चार भोकं पाडा आणि निम्मी जाड वाळू, निम्मं कोकोपीट भरा. वाळू चाळलेली हवी. बांधकामावरून आणताना सिमेंट मिसळलेली तर नाही ना, बघा. फांदी दोन पेरं आत जातील एवढी खोचा, बोटांनी माती आवळून घ्या आणि एकदा भरपूर पाणी घाला. मग पिशव्या पावसाचा थेट मारा लागणार नाही पण उजेड मिळेल अशा ठिकाणी, खिडकीच्या छज्जाखाली किंवा मोठ्या झाडाखाली ठेवा. माती ओलसर राहू द्या, चिखल नको.

साधारण तीन-चार आठवड्यांत बगलेतून नवे कोंभ दिसतात. कोंभ आला म्हणजे मूळ आलं असं समजू नका, फांदी साठवलेल्या बळावरही कोंभ फोडते. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावेपर्यंत थांबा. दर आठवड्याला उपटून बघायचा मोह आवरता आला पाहिजे. एकाऐवजी पाच-सहा फांद्या लावा, म्हणजे दोन-तीन तरी हमखास लागतात.

माती

कोरांटीला हवा निचरा. एवढं जमलं की बाकीचं ती सांभाळून घेते. कुंडीसाठी दोन भाग लाल माती किंवा बागेची भुसभुशीत माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. मुरूम मिळाला नाही तर जाड वाळू चालेल, पण मुरूम मिळत असेल तर तोच घ्या. टेकडीवर ती त्यातच वाढते. एक मूठ निंबोळी पेंड घातली तर हुमणीसारखे किडे दूर राहतात. कुंडी बारा इंची, शक्यतो मातीची. प्लॅस्टिकची असेल तर तळाची भोकं वाढवून घ्या आणि खाली बशी ठेवू नका. बशीत साचलेलं पाणी ही मूळकुजीची पहिली पायरी.

जमिनीत लावायचं तर आपल्या पुण्यात जागेप्रमाणे गणित बदलतं. बाणेर, पाषाण, वारजे, कात्रज अशा टेकड्यांलगतच्या भागात मुरूम वर येतो. तिथे दीड फूट लांबी-रुंदीचा आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, निघालेल्या मुरमात थोडं शेणखत मिसळून परत भरा, झालं. नदीकाठच्या, हडपसर-मांजरीकडच्या काळ्या मातीत मात्र सावध राहा. ती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. तिथे खड्डा न घेता नऊ-दहा इंच उंच वरंबा करा, त्यात मुरूम मिसळा आणि झाड वरंब्याच्या माथ्यावर लावा.

आणि जागा उन्हाची हवी. निदान पाच तास थेट ऊन मिळालं पाहिजे. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं ऊन मिळत असेल तर जांभळी चांगली येईल, पिवळी येईल पण फुलं कमी. पश्चिमेची रणरणती गच्ची, जिथे दुसरं काही टिकत नाही, ती पिवळीला उत्तम.

लावणी

रुजलेलं रोप ऑगस्टमध्ये, आठ-दहा पानं झाल्यावर, कायमच्या जागी हलवा. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात ठेवा. पिशवीत खोड जेवढं मातीत होतं तेवढंच इथेही ठेवायचं. खोलवर गाडलं तर खोडाचा बुंधा कुजतो. भोवती आळं करा, पण पावसाळा संपेपर्यंत आळ्याला एका बाजूने वाट ठेवा. ऑक्टोबरमध्ये ती वाट बुजवायची.

त्या वर्षी कळ्या आल्या तर खुडून टाका. जिवावर येतं, कळतं मला, पण पहिल्या हिवाळ्यात झाडाने मुळं खाली न्यायला हवीत. हवीच असतील तर एक-दोन फुलं ठेवा.

पाणी, म्हणजे खरा अभ्यास

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात जमिनीतल्या रोपाला चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर पाणी घाला. थोडंथोडं रोज शिंपडलं तर मुळं वरच्या दोन इंचांत रेंगाळतात आणि मे महिन्यात तीच करपतात. एकदाच बादलीभर पाणी हळूहळू मुरवलं की ओल खाली जाते आणि मूळ तिच्या मागे जातं. नोव्हेंबरपासून थंडीत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. मार्चपासून परत आठवड्यावर या. एप्रिल-मेमध्ये बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, फक्त तो खोडाला टेकू देऊ नका.

दुसऱ्या वर्षी पाऊस संपल्यावर हात आखडता घ्यायचा. हिवाळ्यात महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला पाणी नाही घातलं तरी चालतं. मे महिन्यात ती निम्मी-अधिक पानं गाळते आणि अगदी वाळकी काटकी दिसते. घाबरून पाण्याचा मारा करू नका. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, विश्रांती घेते आहे. वळवाचा एक पाऊस पडला की आठवड्याभरात पालवते.

कुंडीचं वेगळं. तिच्यातली माती चहूबाजूंनी तापते, म्हणून कुंडीतल्या कोरांटीला कायमच तुमच्यावर अवलंबून राहावं लागतं. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. पुण्याच्या हवेत याचा हिशोब साधारण असा बसतो: हिवाळ्यात आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात दोनदा, फार तर तीनदा, पावसाळ्यात उघड्यावर असेल तर शून्य. जुलैच्या झडीत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे भोकं मोकळी राहतात.

पानं पिवळी पडली तर लगेच झारी उचलू नका, आधी माती बघा. माती ओली आणि पानं पिवळी म्हणजे पाणी जास्त झालंय. माती कोरडी ठणठणीत आणि पानं गळून लोंबतायत, तर तहान. पहिल्या प्रकारात कुंडी आडवी करून जादा पाणी निथळू द्या, सावलीत ठेवा आणि माती वरून कोरडी होईपर्यंत हात लावू नका.

खत

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, कुंडीला दोन मुठी गांडूळखत. जमिनीतल्या झाडाला जूनमध्ये एक घमेलं शेणखत. युरिया नको, त्याने पानं माजतात आणि फुलं हरवतात.

कीड, आणि जी कीड नाही ती

शेंड्यांवर मावा येतो, पेरांत पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण बसतात. थोडे असतील तर पाण्याची जोरदार चिळकांडी पुरते. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत एकदा.

पण फवारणीआधी पानं उलटून बघा. पानं कुरतडलेली असतील आणि त्यावर काळपट, अंगभर काटेरी केस असलेली सुरवंटं दिसली तर हात आवरा. यलो पॅन्सी नावाचं फुलपाखरू कोरांटीवर अंडी घालतं. पिवळेजर्द पंख, काळी किनार आणि मागच्या पंखांवर निळा ठिपका असलेलं हे फुलपाखरू पुण्याच्या टेकड्यांवर उन्हात जमिनीलगत फिरताना दिसतं. ही सुरवंटं पानं खातात, झाडाला काहीही होत नाही, नवी पालवी फुटते. एका फुलपाखरासाठी पाच-पन्नास पानं गेली तर जाऊ द्या. फुलांच्या दिवसांत शिंजीर आणि भुंगेही हजेरी लावतात. सकाळी आठच्या सुमारास झाडाजवळ नुसतं उभं राहिलं तरी दिसतात.

बी धरायचं असेल तर

फुलं संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडं तयार होतात. एखादा इंचाहून कमी लांबीचं, टोकाला चोच असलेलं बोंड हिरव्याचं तपकिरी होतं. वाट बघत बसाल तर हुकाल, कारण पिकलेलं बोंड फुटतं आणि बिया लांब उडतात. म्हणून तपकिरी व्हायला लागलेली बोंडं देठासकट काढा आणि कागदी पिशवीत, तोंड बंद करून, सावलीत ठेवा. पिशवीतून टचटच आवाज आला की समजा काम झालं. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल धरून बुरशी येते.

पिवळ्या कोरांटीच्या एका बोंडात दोन चपट्या बिया. त्यांच्या अंगावर केसांचं दाबून बसवलेलं आवरण असतं. एक बी बशीत ठेवून तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता केस उभे राहतात, बुळबुळीत होतात आणि बी बशीला चिकटून बसते. मुरमाच्या उतारावर पहिल्या पावसात वाहून न जाता जागच्या जागी रुजायची ही तिची युक्ती. मुलांना जरूर दाखवा.

यामुळेच पेरताना बिया भिजत घालू नका, त्या एकमेकींना चिकटतात. जूनमध्ये कोरड्या बियाच वर सांगितलेल्या मिश्रणावर अंतर ठेवून टाका, वर नखभर माती भुरभुरा आणि झारीने हलकं पाणी द्या. बियांपासून केलेल्या झाडाला फुलं यायला फांदीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण त्याचं सोटमूळ खोल जातं. ज्या जागी पुढे कधीच पाणी मिळणार नाही तिथे बियांचंच रोप लावा.

परदेशातल्या नातेवाइकांना हौसेने बिया पाठवू नका. आपल्याकडे शहाण्यासारखी वागणारी ही कोरांटी उत्तर ऑस्ट्रेलियात त्रासदायक तण म्हणून जाहीर झाली आहे.

सोसायटीचं कुंपण

पार्किंगच्या कडेला, भिंतीलगतच्या दोन फुटी पट्ट्यात काय लावावं हा प्रश्न सोसायटीच्या सभेत नेहमी निघतो. तिथे पिवळी कोरांटी दोन-दोन फुटांवर, नागमोडी दोन ओळींत लावा. तिसऱ्या वर्षी गच्च कुंपण होतं, काट्यांमुळे कोणी त्यातून वाट पाडत नाही, आणि टँकरच्या पाण्यावर भार नाही. मुलांच्या खेळायच्या जागेला लागून मात्र लावू नका, चेंडू आत गेला की रडारड होते. तिथे जांभळी.

छाटणी

वर्षातून एकदा, बोंडं काढून झाल्यावर, फेब्रुवारी अखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. जाड हातमोजे घालूनच काम करा. आधी वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या बुडातून काढा, मग उरलेलं झाड वरून एक तृतीयांश उतरवा. न छाटलेली कोरांटी खालून उघडी पडते आणि सगळी फुलं शेंड्यालाच येतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या फुटव्यांचे शेंडे एकदा खुडा म्हणजे फाटे वाढतात आणि तेवढी फुलंही. ऑगस्ट लागला की कात्री बाजूला ठेवा.

छाटलेल्या काटेरी फांद्या खताच्या खड्ड्यात टाकू नका, पुढच्या वर्षी खत हाताळताना बोटांत शिरतात. त्या वाळवा आणि नव्याने लावलेल्या रोपांच्या आळ्याभोवती रचून ठेवा. मांजरं माती उकरत नाहीत आणि कुत्रीही तिथे बसत नाहीत.